दोष माध्यमाचा नव्हे, मास्टरिंगचा

तबकडीचा आवाज अस्सल आणि डिजिटलचा तुटक, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, हा गैरसमज आहे. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यांतून २०,००० हर्ट्‌झपर्यंतची, म्हणजे माणसाला ऐकू येणारी सारी लहर सलग उभी राहते. उलट एलपीची सुई आतल्या वळणांकडे सरकते, तशी तिच्याखालून जाणाऱ्या खाचेची गती घटते आणि बाजू संपत येताना तारसप्तकातले स्वर फाटू लागतात. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या अनेक एलपींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा असल्याचे २०२२मध्ये उघड झाले. तोवर चोखंदळ श्रोते त्याच तबकड्या निखळ अ‍ॅनालॉग समजून वाखाणत होते.

अनेक सीडी कर्कश वाटतात, ही पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त आहे. पण त्याला जबाबदार आहे मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या अखेरच्या संस्कारात, आवाजाची पातळी ताणून लहानमोठेपणा सपाट करण्याची चढाओढ. तबकड्या जरूर जपाव्यात. परंतु घरचा आवाज सुधारायचा असेल, तर आधी स्पीकर आणि त्यांची खोलीतली जागा यांकडे लक्ष द्यावे.

– एक श्रोता, पुणे