केसवाणिज्जे



प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानं भराभर म्हणून टाकतो. कोळशाचा धंदा, हस्तिदंत, लाख, विष आणि त्यातच एक केसवाणिज्जे. पुष्कळजणींना वाटतं, हा केसांचा, गंगावनांचा व्यापार. अर्थ आहे केस असलेल्या जीवांचा, म्हणजे दास-दासी आणि जनावरं यांचा व्यापार. बी.कॉम.ला आम्ही तीन वर्षं वाणिज्य शिकलो, पण कोणता माल विकायचाच नाही याची यादी त्या पुस्तकांत नव्हती. ती आपल्या श्रावकाचारात आहे.

हा व्यापार आज तिकीट काढून, रांगेत उभं राहून चालतो. म्हणून अमेरिकेने २०१६ साली कायदा करून हवाई सेविकांना मानवी तस्करी ओळखण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. २०१८ मध्ये तिकीट काउंटर आणि गेटवरचे कर्मचारीही त्यात आले. शिकवतात ते साधंच आहे. पासपोर्ट तिच्या हातात आहे की सोबतच्याच्या? प्रश्न तिला विचारला आणि उत्तर तोच देतो का? आपण कुठे चाललोय हे तिला ठाऊक आहे का? एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे, आणि कर्मचाऱ्याने स्वतः पकडापकडी करायची नाही, गुपचूप कळवायचं. हे मला फार पटलं.

अलास्का एअरलाइन्सच्या एका हवाई सेविकेने २०११ मधली हकीकत सांगितली आहे. नीटनेटका पुरुष आणि शेजारी विस्कटलेली, गप्प मुलगी. सेविकेने स्वच्छतागृहाच्या आरशावर चिठ्ठी लावली आणि मुलीला हळूच तिकडे जायला सांगितलं. मुलीने चिठ्ठीवर लिहिलं, मला मदत हवी आहे. विमान उतरलं तेव्हा पोलीस उभे होते.

आता विमानतळावर बघा. तो पुरुष सगळीकडे बरोबर राहील, पण बायकांच्या स्वच्छतागृहात येणार नाही. (सोबत बाई असेल तर गोष्ट वेगळी.) तिथे दिवसभर कोण असतं? फरशी पुसणारी, कंत्राटावरची बाई. माझं म्हणणं, आपल्याकडे हे शिक्षण तिच्यापासून सुरू करा. व्हीलचेअर ढकलणारे आणि ट्रॉल्या गोळा करणारे त्यानंतर लगेच. आणि शंका खोटी निघाली तरी काम जाणार नाही, हे तिला लेखी द्या. नाहीतर ती पाहील आणि गप्प बसेल. तिच्या जागी आपण असतो तर आपणही गप्प बसलो असतो. तेवढं लेखी दिलं नाही तर प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावरची सही.

यात एक धोका आहे. आखातात घरकामाला रीतसर निघालेल्या बाईचा पहिलाच प्रवास असतो. साधी साडी, घाबरलेला चेहरा. तिलाच सतत बाजूला घेतलं तर तो अन्याय होईल. गरिबी ही खूण नव्हे. म्हणून प्रश्न सगळ्यांना विचारावेत, नातवंडांना घेऊन मुलाकडे निघालेल्या आपल्यासारख्या आज्यांनाही. "आमच्याकडे बघून कळत नाही का?" असा राग महिला मंडळात बऱ्याचदा ऐकू येतो. नाही कळत. कळायला नकोच. आईवडिलांच्या सहीचं संमतिपत्र पर्समध्ये ठेवावं आणि उत्तर नातीला देऊ द्यावं.

काही वेळा मात्र काउंटरवरच्या माणसाला चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेली ही माणसं. त्यांतली अनेक मुलं चांगल्या नोकरीच्या आशेने, स्वतःच्या पासपोर्टवर, खुशीत निघाली होती. अशा अड्ड्यांतून सुटलेले सांगतात ते ऐकलं की पहिल्या व्रताचे अतिचारच आठवतात: कोंडणं, मारणं, झेपणार नाही इतकं राबवणं.

अशा मुलाला काउंटरवर एवढंच विचारता येतं: नोकरीला चाललास, मग व्हिसा पर्यटकाचा कसा? पण तिथपर्यंत जाण्याआधी तो आपल्या घरी पाया पडायला आलेला असतो. पेढा हातात घेण्याआधी मावशीने, आत्याने विचारावं. नोकरी कोणी लावली? तिकिटाचे पैसे कोणी भरले? त्या एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी झालेल्यांच्या यादीत आहे का? यादी मोबाइलवर उघडते. तो चहा पिईपर्यंत बघून होतं.