रावसाहेबांची एट हंड्रेड

दारासुरमच्या रस्त्यावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा रावसाहेब शांतपणे म्हणाले, "उतरा. देवळात जाऊन रथ बघून येऊ. चाकं असून न चालणारं वाहन बघायचं, तर याहून चांगली जागा नाही."

रावसाहेब माझे बँकेतले जुने सहकारी. पुण्यात आठ वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. निवृत्त झाल्यावर ते त्यांच्या गावी, कुंभकोणमला परतले. गाव कावेरीकाठचं, तंजावरपासून चाळीसेक किलोमीटर. घर मात्र मराठी. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग जी कुटुंबं खाली उतरली आणि 1855 मध्ये राजवट संपल्यावरही परत फिरली नाहीत, त्यांतलं हे एक. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे, हे ते पहिल्या भेटीत सांगतात. दुसऱ्या भेटीतही सांगतात.

तर मी पुण्याहून माझ्या 2012 सालच्या हॅचबॅकने, वाटेत दोन मुक्काम करत, तिथे पोचलो होतो. गाडीचं नाव सांगत नाही. उगाच बदनामी नको, आणि तशा चार तरी तुमच्या सोसायटीत उभ्या असतील. निघताना चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, एक तर ती विका, नाही तर इतकी वर्षं ठेवा की क्लासिक होईल. मधलं काही नको." चेष्टाच ती, पण हजाराहून जास्त किलोमीटर स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला चेष्टेवरही विचार करायला वेळ असतो. होईल का हो ही क्लासिक? माझी राखाडी, पाच दरवाज्यांची, मागच्या काचेवर नातवाने चिकटवलेला वाघ असलेली गाडी?

सरकारचं उत्तर सोपं आहे. जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज'. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती टिकते दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. रॅलीला, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला न्या, दुरुस्तीला न्या. भाजी आणायला नाही. कुंभकोणममध्ये काळ महामहमने मोजतात. बारा वर्षांनी येणारा हा त्यांचा कुंभमेळाच, मागचा 2016 ला झाला, पुढचा 2028 ला. त्या हिशोबाने माझ्या गाडीला पन्नाशी गाठायला 2012 पासून चार महामहम आणि वर दोन वर्षं लागतात. तोवर मी नसेन. वाघ तर नक्की नसेल.

दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराज चोळाचं. 2004 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचा पुढचा मंडप म्हणजे दगडाचा रथच. कडेला कोरलेली चाकं, ओढायला उसळलेले घोडे. रावसाहेब एका चाकाशी उकिडवे बसले आणि आऱ्यांवर नख फिरवत म्हणाले, "हे बघा तुमच्या सरकारचं व्हिंटेज. मूळ रूपात. फेरफार नाही. रोजच्या वापराला बंदी."

गंमत अशी, की कुंभकोणमच्याच सारंगपाणी देवळात गाभारा रथाच्या आकाराचा आहे, दगडी हत्तीघोडे जुंपलेला, आणि त्याच देवळाचा खरा लाकडी रथ चैत्रात रस्त्यावर येतो. माणसं दोर ओढतात. चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवून त्याला वळवतात, थांबवतात. त्या ठोकळ्याला तमिळमध्ये 'मुट्टुकट्टै' म्हणतात, आणि कुणाच्या कामात अडथळा आणला तरी तोच शब्द वापरतात. आपण खीळ घालतो, ते ठोकळा घालतात. रथाच्या बाबतीत मात्र ठोकळा ही कला आहे. जरा उशीर झाला, की रथ कुणाच्या तरी ओसरीत.

लाकडी रथाचं आयुष्य दगडी रथासारखं अखंड नसतं. तिरुवारूरचा प्रचंड रथ 1926 साली जळाला. पुन्हा बांधला. पुढे त्याला तिरुचिरापल्लीच्या भेलने पोलादी चाकं दिली, हायड्रॉलिक ब्रेक दिले. म्हणजे लाकूड नवं, चाकं नवी, ब्रेक तर चोळांच्या स्वप्नातही नसलेले. तरी तिथला म्हातारा पोराला सांगणार, हा तोच रथ. आपल्या वाहन नियमांत मात्र तो नापास. 'मूळ रूपात' नाही ना!

हे डोक्यात फिरत असतानाच आम्ही गॅरेजात पोचलो. वाटेत एका वर्कशॉपमध्ये मला सांगण्यात आलं होतं, की सगळी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल, माल मागवावा लागेल. आकडा ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो होतो. इथे बस स्टँडामागे पत्र्याच्या शेडमध्ये तिशीतला मेकॅनिक. रावसाहेब त्याला 'तंबी' (धाकटा भाऊ) म्हणतात, तो त्यांना 'अय्या'. त्याने बॉनेट उघडलं, एअर फिल्टरची नळी काढली आणि मला बोलावून आत दाखवलं. हवेची वाट उघडझाप करणारी पितळी रंगाची गोल पाकळी, तिच्या कडेला कोळशाची काळी किनार, काजळ घातल्यासारखी. त्याने स्प्रे मारला, जुना टूथब्रश घेतला, आणि दाढेच्या मागे घासावं तसं हळूहळू घासलं. काळं पाणी फडक्यावर टिपलं. मग स्कॅनर लावला, किल्ली फिरवून थोडं थांबला, बंद केली, पुन्हा फिरवली. गाडी सुरू झाली आणि पुण्याला परत येईपर्यंत सुरूच राहिली. घेतले साडेचारशे रुपये.

मी खूश होऊन म्हणालो, तुझ्यासारखे असले तर ही पन्नास वर्षं चालेल. रावसाहेबांनी भाषांतर केलं. तंबी हसला नाही. त्याचं उत्तर रावसाहेबांनी मराठीत दिलं ते असं: "ही घाण होती म्हणून साफ झाली. उद्या आतलं संगणकाचं कार्ड गेलं की मी काय, माझा बापही काही करू शकत नाही. बाप कार्बोरेटर डोळे मिटून जोडायचा. कार्डाला डोळेच नाहीत."

माझ्या मते, गाडी क्लासिक होईल का, या वादाचा निकाल तिथेच लागला. साधी गाडी क्लासिक होत नाही, हे खरं नाही. खरं तर साधीच होते. 1959 ची मिनी ही सुएझच्या पेट्रोलटंचाईनंतर आलेली काटकसरीची गाडी. इंग्लंडात 2014 पासून एक मेळा भरतो, नावच 'फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल'. लोकांनी कचेरीत जायला वापरल्या आणि भंगारात घातल्या, त्या गाड्यांतल्या वाचलेल्या तिथे मिरवतात. रोल्स रॉइसवर पहिल्या दिवसापासून कुणीतरी कव्हर घालतं, साध्या गाडीवर कावळे बसतात. म्हणूनच ती लाखांनी असते आणि एक दिवस शोधायला गेलं तर नसते. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा फोटो काढायला धावलेले लोक कोण? वीस वर्षं तिचं दार धड लागत नाही म्हणून कुरकुरणारेच.

मारुती 800 चंच घ्या. पहिल्या गाडीची किल्ली 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या हाती दिली. किंमत पन्नास हजारांच्या आत. पुढे तीच गाडी घरासमोर उघड्यावर गंजत राहिली आणि अखेर कंपनीने ती नीट करून आपल्या मुख्यालयात ठेवली. देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेलेल्या गाडीच्या पहिल्या नगाची ही कथा! 2033 च्या डिसेंबरात ती पन्नास वर्षांची होईल. नॅनोही राहील, असं मी पैज लावून सांगतो, कारण तिच्यामागे गोष्ट आहे: एक लाखाचा शब्द, सिंगूर, साणंद, चाकाला तीनच नट. इंडिकाबद्दल मात्र पिंपरी-चिंचवडच्या माणसाने काय बोलावं? 1998 च्या डिसेंबरात आली तेव्हा आमचा ऊर भरून आला होता, आणि नंतर आम्हीच ती टॅक्सीवाल्यांना देऊन मोकळे झालो. कुणी एक धड ठेवली असेल तर मला बघायला यायचंय. 2020 नंतरच्या, भारत स्टेज 6 च्या गाड्या दगडी रथ होतील. काचेच्या खोलीत छान दिसतील. चालवायचं म्हटलं तर कार्ड आणि त्यातलं सॉफ्टवेअर ज्यांच्या हातात, त्यांच्या मर्जीवर. कंपन्यांना जुन्या मॉडेलची ही कुलपं उघडायला लावणारा कायदा आला तर मत बदलीन.

संध्याकाळी रावसाहेबांच्या ओसरीत डवरा-पेल्यातून कॉफी वर-खाली करत बसलो होतो. अंगणात त्यांची पांढरी मारुती 800 उभी, 1996 ची, टीएन 49, तंजावरचा नंबर. कुंभकोणमला स्वतःचा 68 नंतर मिळाला. पुढचा बंपर दुसऱ्या गाडीचा, सीटची कव्हरं घरच्या जुन्या साडीची, आरशाला तांब्याची तार. रोज सकाळी बाजारात जाते. सरकारी अर्थाने ही कधीच व्हिंटेज होणार नाही, हे मी सांगितलं.

"आमची मराठीसुद्धा नाही होणार," ते म्हणाले. "पुण्यात कॅन्टीनमध्ये मी बोललो की पोरं हसायची. म्हणायची, ही कुठली मराठी, मधे मधे तमिळ. अहो, साडेतीनशे वर्षं इथे दुकानात जे मिळेल ते बसवत चालवली. तुमच्याकडून कोण स्पेअर पाठवत होतं?"

मी काही बोललो नाही. त्या टेबलावर हसणाऱ्यांत मीही होतो.

निघताना त्यांनी गाडीचं दार उघडून दाखवलं. डाव्या दाराची काच खाली-वर करायची मूठ तुटली आहे. तिच्या जागी त्यांनी लहान पक्कड अडकवली आहे, आणि बाजूला बसणारा पाहुणा ती फिरवतो. बंपर चालेल, साडी चालेल, पण पक्कड नको, असं वहिनींचं म्हणणं. तेव्हा वाचकहो, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात मारुती 800 ची, 1996 च्या आसपासची, डाव्या पुढच्या दाराची काळी मूठ दिसली तर घेऊन ठेवा आणि मला कळवा. पैसे आणि कुंभकोणमची कॉफी पूड, दोन्ही पाठवीन. दुसऱ्या गाडीची असली आणि बसत असली, तरी चालेल.