परांचीवर चढण्याआधी

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावरील अजस्र यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा सारे राज्य हळहळले. परंतु दुमजली घराच्या परांचीवरून एखादा गवंडी पडतो, त्याची बातमी चार ओळींतच संपते. वस्तुतः बांधकामावरील मृत्यूंचे प्रमुख कारण उंचीवरून पडणे हेच आहे. आणि धोक्याची सूचना वेळेवर व समजेल अशा रीतीने न पोचणे, हे त्यामागील एक मोठे कारण होय.

मिरजेसारख्या सीमेलगतच्या गावात ही अडचण अधिकच जाणवते. एकाच स्लॅबवर मराठी, कानडी आणि हिंदी बोलणारे हात राबतात. मुकादमाची सूचना सर्वांना सारखीच कळेल याची शाश्वती नसते, आणि निरक्षराला भिंतीवरचा फलक मुकाच असतो.

येथे ‘मिश्र वास्तव’ हे नवे तंत्र उपयोगी पडू शकेल. विशिष्ट चष्म्यातून समोरची खरी जागा दिसते आणि तिच्यावरच संगणकाने रेखाटलेली चित्रेही उमटतात. कठडा नसलेली कड तांबडी दिसते; क्रेनचा फेरा जमिनीवर आखलेला दिसतो. हा चष्मा कामगाराने वर चढताना नव्हे, तर चढण्याआधी शिकताना लावावयाचा. चित्राला दुभाषी लागत नाही.

मात्र २०१९ मध्ये आलेल्या अशा एका चष्म्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. लहान ठेकेदार तो घेणार नाही, हे उघड आहे. अपघाताची खरी किंमत मजुराचे कुटुंब मोजते. त्यामुळे ठेकेदाराच्या हिशेबात सुरक्षा हा केवळ खर्चच ठरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेनेही सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती अडीचशे कामगारांच्या कामापासूनच केली आहे. दहा-वीस मजुरांची बांधकामे तिच्या कक्षेबाहेरच राहतात.

जे एकट्याला परवडत नाही ते सामायिक निधीतून करावे, हा अर्थशास्त्राचा साधा न्याय आहे. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला बांधकाम-उपकर कामगारांच्या हितासाठीच आहे. त्यातून तालुक्याला एक फिरते शिक्षणपथक मिळाले, तर दोन-चार चष्मे शेकडो मजुरांच्या उपयोगी पडतील.

तथापि, सूचना वरून खालीच येत राहिली, तर चष्माही व्यर्थ ठरेल. ‘ही परांची हलते आहे’ असे सांगणाऱ्या बिगाऱ्याचा रोज बुडणार नाही, ही हमी प्रथम हवी. तिला एक डॉलरही लागत नाही.