कासवाला ऊन हवे

मागील महिन्यात खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. त्यांच्या धाकट्या मुलाला त्याच्या मामाने शहरातून एक कासवाचे पिल्लू आणून दिले. आणले तेव्हा ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसेच मोठे होते. सोबत प्लॅस्टिकची एक पसरट डबी आणि तिच्यात एक खोटे माडाचे झाड. त्यास वर्ष होत आले. आता कासव अन्नाला तोंड लावीत नाही, त्याची पाठ बोटाने दाबली तर दबते, आणि मुलगा रात्री उठून डबीपाशी बसून राहतो. ‘‘फादर, त्याला विहिरीत सोडून द्यावे काय?’’ असे बाईंनी शेवटी विचारले आहे.

त्यांस उत्तर आम्ही त्याच दिवशी टपालात टाकले, कारण आजारी प्राणी छापखान्याची वाट पाहत थांबत नाही. परंतु अशा डब्या आता पुष्कळ घरांतून दिसू लागल्या आहेत. शाळेच्या सुट्टीत शहराकडचा प्रत्येक पाहुणा एक घेऊन येतो की काय, असे वाटते. म्हणून तेच उत्तर थोडे विस्ताराने येथे देत आहो.

प्रारंभी आमचा स्वतःचा अपराध सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी परदेशी नोकरीस निघालेल्या एका कुटुंबाने आपले कासव आमच्या हवाली केले. आम्ही मोठ्या हौसेने काचेची पेटी आणविली आणि ती कचेरीच्या पूर्वेकडील खिडकीत ठेविली. सकाळचे ऊन तावदानातून सरळ पाण्यावर पडे. कासवाला ऊन मिळते आहे, असे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास अभिमानाने सांगत असू. आठ महिन्यांनी त्याची पाठ मऊ झाली आणि मागचे पाय ओढत ते चालू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी पेटी कोठे असते एवढेच विचारले आणि उत्तर ऐकून ते हसले. कासवाला उन्हातील जो भाग हवा असतो, तोच भाग काच अडविते, ही गोष्ट सेमिनरीत इतकी वर्षे काढूनही आम्हांस ठाऊक नव्हती.

तो भाग म्हणजे अतिनील किरणांचा एक पट्टा. दुकानातील दिव्यांवर त्याला ‘यूव्हीबी’ असे छापलेले असते. हे किरण अंगावर पडले म्हणजे कासवाच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्या जीवनसत्त्वावाचून अन्नातील कॅल्शियम त्याच्या शरीराला लागत नाही. मुलांना वाटते की कवच हे कासवाचे घर आहे आणि त्यातून ते बाहेर निघू शकेल. वस्तुतः त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा कवचालाच सांधलेला असतो. कॅल्शियम मिळाले नाही की प्रथम हाडे आणि कवच मऊ पडते, पुढे ते वेडेवाकडे वाढते, आणि अखेर पाय चालेनासे होतात. बाईंच्या पत्रातील दबणारी पाठ ती हीच. अन्न बदलून तिला उतार पडणार नाही.

उन्हाचे दुसरे काम उष्णतेचे. कासव आपल्या अंगात स्वतः ऊब निर्माण करू शकत नाही. पाण्यातून वर येऊन, कोरडे होऊन, अंग तापविल्याशिवाय त्याला खाल्लेले पचत नाही. म्हणून नदीकाठी कासवे ओंडक्यावर रांगेने पाय पसरून बसलेली दिसतात. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे त्यांना आळशी म्हणत!

आता घराविषयी. दुकानात मिळते ते बहुधा लाल कानाचे कासव असते. डोळ्यामागे तांबडा पट्टा ही त्याची खूण. ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील प्राणी आहे. विकणारा सांगतो की ते एवढेच राहते. ते खोटे आहे. मादी वाढून पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब होते, आणि नीट सांभाळले तर हे कासव वीस-तीस वर्षे जगते. आज जो मुलगा तिसरीत आहे, तो संसाराला लागेल तेव्हाही कासव असेल. तेव्हा घेण्यापूर्वी घरातील थोरांनी हा हिशेब करावा. मुलाच्या हट्टावर तो सोपवू नये.

पाण्याचा साधारण अंदाज असा की कवचाच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीला चाळीस लिटर पाणी. म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या, दहा सेंटिमीटरच्या कासवाला दीडशे लिटरांहून अधिक. ही काही डबीची गोष्ट नव्हे. परंतु त्यासाठी शहरातली महागडी काचपेटीच हवी असेही नाही. गळकी झालेली पाण्याची मोठी काळी टाकी आडवी कापून, खालचा भाग परसात बसविला तर उत्तम घर होते. ज्यांच्या गोठ्यात गुरांची जुनी दगडी दोण रिकामी पडली आहे, त्यांच्या पिल्लाची निदान पहिली दोन वर्षे तीत निघतील. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीडपट तरी असावी, म्हणजे उलटे पडले तरी कासवाला सुलटे होता येते. काठ पाण्याच्या वर वीतभर ठेवावा, कारण कासव चढण्यात दिसते त्याहून बरेच हुशार असते.

मध्ये एक बसण्याची जागा हवी. ती अशी की कासव सर्वांगाने पाण्याबाहेर येऊन पोटाखालूनही सुकले पाहिजे. सदा ओले राहणारे कवच कुजू लागते. चढायला उतार द्यावा. विटा एकीवर एक रचून ही जागा करू नये. त्या ढासळल्या आणि कासव खाली अडकले तर ते बुडून मरते. पाण्यात राहत असले तरी त्याला श्वास आपल्याप्रमाणेच फुप्फुसांनी, वर येऊन घ्यावा लागतो. तळाशी बारीक खडी नको, कारण ती ते गिळते.

परसात टाकी ठेवणाऱ्यांस ऊन फुकट आहे, तथापि ते विचाराने घ्यावे. उघड्या उन्हात थोडे पाणी भराभर तापते आणि पळायला जागा नसलेले कासव त्यात शिजून मरते. टाकीचा निम्मा भाग सावलीत येईल अशी झावळी किंवा फळी वर टाकावी. पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंश आणि बसण्याची जागा बत्तीस अंशांच्या आसपास, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. साधा तापमापक बाजारात मिळतो. मांजर, मुंगूस आणि कावळा यांच्यासाठी वर तारेची जाळी हवी. जाळी किरणांचा थोडा भाग अडविते, पण काच किंवा प्लॅस्टिकचा पत्रा यांच्यापेक्षा ती कितीतरी बरी.

खरी अडचण पावसाळ्यात येते. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. त्या दिवसांत टाकी पडवीत आणून दोन दिव्यांची सोय करावी लागते. एक उष्णतेचा आणि दुसरा किरणांचा. घरातला साधा एलईडी दिवा ह्यांपैकी एकही काम करीत नाही. तो उजेड देतो, परंतु ऊब देत नाही आणि हे किरणही देत नाही. उष्णतेसाठी तारेचा जुना बल्ब किंवा हॅलोजन चालतो, आणि तो बसण्याच्या जागेच्या बरोबर वर टांगावा. किरणांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनविलेली यूव्हीबी नळी घ्यावी. ती कासवाच्या पाठीपासून साधारण एक फुटावर असावी, नेमके अंतर वेष्टनावर पाहून घ्यावे. मध्ये काच ठेवू नये, नाहीतर आमच्या खिडकीसारखी गत व्हायची. आणखी एक फसवणूक लक्षात असू द्या. ह्या नळीचा उजेड वर्षानुवर्षे दिसत राहतो, पण तिचे किरण त्याच्या पुष्कळ आधी क्षीण होतात. म्हणून नळीवर लावल्याची तारीख लिहावी आणि सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी. दिवे दिवसा दहा-बारा तास चालू ठेवावेत. रात्री काळोख हवा.

बेळगावात थंडीच्या पहाटे पारा पंधरा अंशांखाली उतरतो, तेव्हा पाण्यात बुडणारा हीटर लागतो आणि त्याला आडोसा लागतो, नाहीतर कासव त्याला चिकटून भाजते. आमचे ग्वाल्हेरचे वाचक अधिक कठीण जागी आहेत. तेथे जानेवारीत पारा पाच अंशांकडे घसरतो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळीसाच्या आसपास जातो. त्यांनी कासव बारमाही घरातच ठेवावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

वीज आणि पाणी एकत्र आणताना घरातील जाणत्या माणसाने हात घालावा, मुलांनी नव्हे. दिवा नुसत्या वायरीवर टांगू नये, त्याला साखळी द्यावी. पाण्याचे शिंतोडे उडाले तर तापलेला बल्ब फुटतो. वायर बटणाकडे जाण्यापूर्वी खाली झोल खाईल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलातच गळून पडेल, बटणात शिरणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद. गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र घरात नसेल तर आधी ते बसवावे आणि मग कासवाचा विचार करावा.

अन्नाविषयी थोडेच. नुसता वाळलेला जवळा घालू नये; त्याने जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडून डोळे सुजतात. कासवांचे तयार दाणे, गाजर, तांबडा भोपळा, तुतीचा पाला आणि चघळायला समुद्रफेण पुरे. पालक टाळावा, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. उरलेले अन्न लगेच काढावे आणि दर आठवड्याला निदान चौथा हिस्सा पाणी बदलावे. ते पाणी झाडांना घालावे, मोरीत भांड्यांजवळ ओतू नये. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासवाला त्यांचा काही त्रास होत नाही, लहान मुलांना मात्र जुलाब आणि ताप होतो. ह्याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी आली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊच नये.

राहिला विहिरीचा प्रश्न. आपल्याकडे विहिरीत कासव सोडण्याची जुनी चाल आहे, त्यामुळे बाईंना ते सहज सुचले. परंतु हे परदेशी कासव आपल्या तळ्याविहिरींत सोडू नये. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. ते येथील कासवांची जागा आणि अन्न बळकाविते. केरळात त्रिशूरजवळ २०१८ साली ते एका कालव्यात सापडले, आणि तेथील वन संशोधन संस्थेला अशी कासवे लोकांकडून गोळा करण्याचे काम हाती घ्यावे लागले. आणि विहिरीच्या काळोख्या तळाशी, जेथे बाहेर येऊन बसायला कोरडा दगड नाही, तेथे मऊ कवचाचे आजारी कासव किती दिवस काढील?

ह्याच्या उलट चूकही घडते. पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर मुलांना आपले गावठी कासव सापडते आणि ते घरी येते. ज्याच्या पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारखे पडदे असतात, ते कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी ठेवणे गुन्हा आहे. जेथून उचलले तेथेच त्याच दिवशी नेऊन सोडावे.

बाईंचे दुसरे पत्र परवा मिळाले. टाकी कापून झाली आहे. ती मुलाच्या बाबांनी कापली. जनावरांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमचे औषध दिले. पाठ अजून मऊच आहे, आणि ती सुधारली तरी आकार वाकडा राहील हे त्यांनी मुलाला सांगून ठेविले आहे. आमच्या कासवाचाही वाकडाच राहिला. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात कासव आपण होऊन दगडावर चढले आणि मागचे पाय लांब करून बसले. मुलगा शाळेत गेला होता, म्हणून बाईंनी वेळ लिहून ठेविली.