काकांचा कॅमशाफ्ट

उसाच्या बिलाचे पैसे हाती पडताच पुतण्याने मला गाठले. "काका, शर्यतीच्या बुलेटला कॅमशाफ्ट कोणता घालू?" आता आमचे शिक्षण वृत्त-अलंकारांचे! तरी माळशिरसच्या एका गॅरेजात मिस्त्रींपुढे चार दिवस बसलो, आणि कळले की हाही लयीचाच विषय आहे.

झडप किती उघडायची आणि किती वेळ, हे कॅमचा उंचवटा ठरवतो. झडप जास्त वेळ उघडी राहिली, की भरधाव वेगात ताकद वाढते; पण कमी वेगात तीच ताकद हरवते. हवा आत नेणाऱ्या नळीचेही तसेच. आखूड नळी वेगाची, लांब नळी ओढीची. कॅम एकीकडचा नि नळी दुसरीकडची घेतली, तर जोडा विजोडच व्हायचा!

शिवाय जुन्या लोखंडी ३५० बुलेटच्या पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. मिनिटाला ६,००० फेऱ्या झाल्या, की पिस्टन सेकंदाला सरासरी १८ मीटर धावतो. त्याच्याही पुढच्या फेऱ्यांसाठी घडवलेला कॅम या दणकट म्हाताऱ्याला कशाला?

"मधला घे," मी म्हणालो. "मातीच्या वळणातून निघताना ओढच कामाला येते. नळीही त्याच बेताची घे."

पोरगा हिरमुसला. दुकानदाराने सर्वांत महागडा दाखवला होता ना! पण अखेर त्याने ऐकले. उरलेल्या पैशांत झडपांच्या नव्या स्प्रिंगा आल्या, बाकीचे वहिनींकडे परत गेले.

शर्यत अजून व्हायची आहे. हरला तर दोष काकांचा, हे वहिनींनी आताच जाहीर केले आहे!