माग्दालेनाच्या हातात हत्यार होतं!

पोकाहोंटास म्हटलं की आपल्याला डिस्नेचं कार्टून आठवतं. पण तिला समोर बसवून काढलेलं असं एकच चित्र माहीत आहे. उंच हॅट, लेसची कॉलर, हातात पिसांचा पंखा. १६१६ साली लंडनमध्ये ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं सिमोन व्हान दे पास नावाच्या जेमतेम विशीतल्या पोराने. म्हणजे आपल्याच वयाचा की!

या पोराचं अख्खं घरच कोरीव कामातलं. बाप क्रिस्पैन मेनोनाइट पंथाचा. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती गेलं, तिथून निघावं लागलं. कोलोनमध्ये जम बसला, तर १६११ मध्ये धर्मापायी तिथूनही बाहेर. शेवटी हॉलंडमधलं उट्रेख्ट गाठलं. घरदार सोडलं तरी हातातली कला बरोबर येतेच. ती त्याने तिन्ही मुलांना दिली. आणि माग्दालेना या मुलीलाही! माझा मुद्दा इथेच आहे.

हे काम काही नाजूक नव्हे. ब्युरिन म्हणजे टोकदार पोलादी हत्यार. ते तळहाताने पुढे रेटायचं, वळण आलं की हात नाही, पत्राच फिरवायचा. कडेला उठलेली बर खरवडायची. शिवाय छापताना सगळं उलटं येणार, ते धरून अक्षरंही उलटी कोरायची. (ड्रॉइंगच्या शीटला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा करून बघावं.) रेघ चुकली तर रबर नाही.

माग्दालेनाच्या नावाची कामं ती चौदा वर्षांची असल्यापासूनची मिळतात. १६२० साली इंग्लंडमधल्या थोरामोठ्यांच्या चित्रांचं ‘हेरोओलोगिया आंग्लिका’ हे पुस्तक निघालं. त्यातली साठाहून जास्त चित्रं कोरण्याचं श्रेय भाऊ विलेम आणि ती अशा दोघांना दिलं जातं. म्हणजे चक्क ग्रुप सबमिशन!

आता आपल्या ग्रुपकडे या. वर्कशॉपला पाच जणांत एक-दोन मुली. लेथपाशी मुलं, आणि मुलींना काय? “तू रीडिंग घे, तुझं अक्षर छान आहे.” मागच्या वर्षी मी जर्नल चार जणांची पूर्ण केली. व्हायवाला सरांनी टूल पोस्टबद्दल विचारलं आणि मी गप्प! हात लावला असता तर सांगता आलं असतं ना. मुलं वाईट नाहीत हो, मदतच करतात असं त्यांना वाटतं. आणि खरं सांगायचं तर हात काळे होत नाहीत म्हणून आम्हीही खूश असतो. चूक आमचीही आहे.

असो. या टर्मला आमच्या ग्रुपचं ठरलंय. जॉब मी टर्न करणार, जर्नल मुलं लिहिणार. त्यांचं अक्षर सरांना लागलं तर त्यांचं नशीब!