दिल्लीचा वसंत

दिल्ली पाहावी ती फाल्गुनात. धुके सरलेले असते, लू अद्याप दूर असते आणि काटेसावरी निष्पर्ण फांद्यांवर तांबडी फुले मिरवीत उभ्या असतात. राष्ट्रपतिभवनाचे उद्यान याच सुमारास लोकांसाठी उघडते. २०२३ पासून त्याचे नाव अमृत उद्यान. मुले हरखतात, वडीलधाऱ्यांचे पाय दुखतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सोमवारी मात्र जाऊ नये. उद्यानही बंद आणि लाल किल्लाही.

किल्ल्यात दिवाण-ए-खासपाशी मराठी कुटुंबाने अंमळ अधिक थांबावे. वर रंगविलेले लाकडी छत दिसते. तेथे पूर्वी चांदी होती. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उरलेली चांदी काढवून तिची नाणी पाडली. फौजेला पगार नव्हता, दाणागोटा नव्हता. पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. हे ऐकताना बरोबरीच्या प्रवाशांसमोर आपली मान खाली जाते आणि आपण घाईघाईने महादजी शिंद्यांच्या पराक्रमाकडे वळतो. (आम्हां ग्वाल्हेरकरांना तर ही सवयच!) तसे करू नये. १७३७ साली बाजीराव दिल्लीवर धडकल्याची हकिकत ज्या तोंडाने सांगावयाची, त्याच तोंडाने हेही सांगावे. मुले विचारतील, "मग ती लूटच ना?" होय म्हणावे, आणि उपाशी घोड्यांचीही गोष्ट सांगावी.

बाजीरावाची फौज उतरली होती त्या तालकटोऱ्यास आज बाग आहे. दुपारचे डबे तेथेच सोडावेत. सावली चांगली असते.